चौतीस नंबरचा कोपरपट्टा

मित्रांनो, मला हातात घेतलेत तर तुम्ही बहुधा नाक मुरडाल. माझे काळे रबर विटून करडे झाले आहे, कडेची मरून पट्टी उसवली आहे आणि घामाचा वास कितीही धुतले तरी जात नाही. बास्केटबॉल खेळणाऱ्या एका माणसाच्या डाव्या कोपराला मी चार वर्षे बांधलेला होतो.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात हॅडली कॉलेजच्या व्यायामशाळेखाली एक तळघर आहे. तिथे मिस ऑडेल खेळाडूंचे कपडे, बूट आणि चेंडू सांभाळत. पहिल्या वर्षाला कॉर्व्हन बिलिंग्ज नावाचा एक ताडमाड मुलगा आला. लहानपणी छपरावरून पडून त्याचे डावे कोपर मोडले होते आणि ते जरा वाकडेच जुळले होते. त्यात तो डावखुरा. दुकानातला प्रत्येक पट्टा त्याच्या हाडाला घासायचा. शेवटी मिस ऑडेलनी जाड रबरी कापड बेतले, कडेला मरून पट्टी लावली आणि बंद शिवले. तिसरा बंद त्यांनी मुद्दाम तिरका शिवला.

"सरळ शिवला तर सालटं निघेल तुझं," त्या म्हणाल्या. "लोक हसतील. हसू देत."

तो तिरका बंद म्हणजे माझी खूण. तसा दुसरा पट्टा साऱ्या देशात नव्हता.

कॉर्व्हनचा वाकडा हात चेंडू अशा काही कोनातून फेकी, की समोरचा अडवायला गेला तर हात भलतीकडेच उचले. तिसऱ्या वर्षी आमचा संघ देशातल्या मोठ्या स्पर्धेत पोहोचला. गावातल्या खांबाखांबावर कॉर्व्हनची चित्रे लागली. त्याचा चौतीस नंबर लिहिलेले सदरे कॉलेजबाहेरच्या दुकानात विकायला आले आणि आठवडाभरात संपले. मला फार अभिमान वाटे. प्रत्येक चित्रात मीही होतो ना.

त्या हिवाळ्यात त्याची आई लोरेटा सामना पाहायला आली. ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करी. बर्फातून नऊ तासांचा बसप्रवास करून ती आली होती. दुकानदाराने तिला ओळखले आणि कौतुकाने एक चौतीस नंबरचा सदरा तिच्या हातात ठेवला. पैसे घेतले नाहीत. बिचाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते. पण खेळाडूने किंवा त्याच्या घरच्यांनी खेळाच्या नावावर काहीही घ्यायचे नाही, असा नियम होता. बातमी कॉलेजच्या कचेरीत पोहोचली. लोरेटाला सदरा परत करावा लागला आणि कॉर्व्हनला एका सामन्यात खेळू न देता बाकावर बसवले. मी त्याच्या हातावर होतो, पण बंद सैल सोडलेले. आई त्याच्या मागच्याच रांगेत बसली होती.

"त्यावर तुझं नावसुद्धा नव्हतं रे," ती हळूच म्हणाली. "नुसता आकडा. आकडासुद्धा कॉलेजचाच म्हणे."

कॉर्व्हनने मागे वळून पाहिले नाही. त्याच्या हाताची शीर मात्र माझ्याखाली ताडताड उडत होती.

चौथ्या वर्षी त्याचा गुडघा गेला. मोठ्या व्यावसायिक संघांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. तो आपल्या गावी परतला आणि शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करू लागला. मी एका खोक्यात पडलो. जुन्या बुटांच्या जोडीला सहा वर्षे काढली. मित्रांनो, अंधाराचा त्रास होत नाही, पण आपल्याला कुणी हात लावत नाही याचा होतो.

एका रविवारी कॉर्व्हन गॅरेजमध्ये सोबत काम करणाऱ्या ड्वेनकडे जेवायला गेला होता. तिथे काय घडले ते तो आईला सांगत असताना मी ऐकले. जेवण झाल्यावर ड्वेनने कॉलेज बास्केटबॉलचा नवा व्हिडिओ गेम लावला, गाजलेल्या जुन्या संघांचा. पडद्यावर हॅडलीचा संघ धावत आला. चौतीस नंबर. डावखुरा. तितकाच उंच. चेंडू फेकण्याची तीच वाकडी तऱ्हा. डाव्या कोपराला काळा पट्टा आणि तिसरा बंद तिरका. नावाच्या जागी मात्र काहीच नव्हते.

"अरे, हा तर तूच," ड्वेन खूश होऊन म्हणाला. "किती दिले रे तुला याचे? मी तर साठ डॉलर मोजले."

कॉर्व्हनला कुणी विचारलेही नव्हते, पैसे तर दूरच. घरी येऊन त्याने खोके उपसले आणि मला बाहेर काढले. बराच वेळ तो अंगठ्याने माझा तिसरा बंद चाचपत राहिला.

मग त्याने ग्वेन टॉलिव्हर नावाच्या वकीलबाईंना गाठले. त्यांनी आधीच बजावले, की यात वर्षे जातील आणि लोक शिव्या घालतील. कॉर्व्हनने तरी खटला भरला आणि तसेच झाले. गेम बनवणारी कंपनी म्हणाली, हा कुणी खराखुरा माणूस नाही, आम्ही कल्पनेने काढलेला खेळाडू आहे. संघ गेममध्ये दाखवायचे पैसे कंपनीकडून घेणारे कॉलेज म्हणाले, विद्यार्थ्यांना पैसे दिले तर खेळ नासेल. त्याचे जुने प्रशिक्षक हाल्व्होर्सन यांचा फोन आला, तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर होतो. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, दुखावलेला होता. बास्केटबॉलच्या पैशावर पोहण्याचे आणि कुस्तीचे संघ चालतात, ते बंद पडतील, असे ते कळकळीने सांगत होते. कॉलेजने तुला घडवले, हेही म्हणाले.

"घडवलं, कोच. ते मी कधी विसरणार नाही," कॉर्व्हन म्हणाला. "पण विकलं ते मला न विचारता."

खटल्याच्या तिसऱ्या वर्षी कंपनीने तडजोड पुढे केली. रक्कम बरी होती आणि त्याला गुडघ्याची शस्त्रक्रिया करायची होती. अट एकच, याविषयी पुन्हा तोंड उघडायचे नाही. जिना चढताना तो कठड्याला धरून एकेक पायरी चढे, हे मी रोज पाहत होतो. त्याने दोन दिवस विचार केला आणि नाही म्हणून कळवले. लोरेटाने त्याच्या ताटात आणखी एक मक्याची पोळी वाढली.

अखेर मी न्यायालयात गेलो. पारदर्शक पिशवीत घालून, चिठ्ठी डकवून मला टेबलावर ठेवले होते. आधी मिस ऑडेल आल्या. केस पांढरे झाले होते, पण आवाज तोच. त्यांनी मला उलटून पाहिले आणि हा टाका माझा आहे, असे शपथेवर सांगितले. मग कंपनीचा चित्रकार उभा राहिला. तरुण होता. मिस टॉलिव्हरनी पडद्यावरचे चित्र दाखवून विचारले, की बंद सरळ का काढला नाही.

"फोटोत तसाच होता," तो म्हणाला.

"कुणाच्या फोटोत?"

"चौतीस नंबरच्या."

"त्याला नाव असेल ना?"

चित्रकाराने कंपनीच्या वकिलांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

"कॉर्व्हन बिलिंग्ज," तो म्हणाला.

कॉर्व्हनने डोळे मिटले. त्या गेमच्या लाखो प्रती घरोघरी गेल्या होत्या, पण गेम बनवणाऱ्यांच्या तोंडून कॉर्व्हनचे नाव निघाले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

न्यायाधीशांनी निकाल दिला, की ज्याचे रूप वापरायचे त्याला विचारलेच पाहिजे आणि त्याचा मोबदला दिला पाहिजे. कॉर्व्हनला मिळाले ते गुडघ्यापुरते पुरले. कंपनीने तो गेमच बंद केला. पेट्रोल पंपावर अनोळखी पोरे त्याला टोमणे मारत, की तुझ्यामुळे आमचा खेळ गेला. तो ऐकून घेई आणि गाडीत पेट्रोल भरून निघून येई. पुढे काही वर्षांनी नियम बदलले, खेळाडूंना पैसे मिळू लागले आणि तो गेमही परत आला.

गेल्या वसंतात इनेझ नावाची एक खेळाडू मुलगी थेट गॅरेजमध्ये आली. तिच्या हातात गेममध्ये तिचे रूप वापरण्याचा कंपनीचा अकरा पानी करार होता. तुम्ही सांगाल तसे करीन, म्हणाली. कॉर्व्हनचे कोपर हल्ली थंडीत ठणकते, म्हणून मी पुन्हा त्याच्या हातावर होतो. त्याने ग्रीसचे हात धुतले आणि उभ्यानेच अकराही पाने वाचली.

"मी सांगणार नाही," तो म्हणाला. "हो म्हण, नाहीतर नाही म्हण. पण तू म्हण."

इनेझच्या वेणीत तिच्या आजीचे निळे मणी गुंफलेले होते. ती थोडा वेळ त्यांच्याशी चाळा करत राहिली. मग तिने पेन मागितले आणि कंपनी रूप हवे तसे बदलू शकेल, ही सातव्या पानावरची ओळ ठळक खोडली. मणी काढायचे नाहीत, ते माझे आणि आजीचे आहेत, असे बाजूला लिहिले. मगच खाली सही केली. चार दिवसांनी कंपनीचे उत्तर आले, की मान्य आहे.

मित्रांनो, मी आता फार तर दोन-तीन हिवाळे टिकेन. तुम्ही गेम खुशाल खेळा, टाळ्या वाजवा. पण पडद्यावर कुणी धावताना दिसला, की एकदा थांबून त्याचे नाव शोधा. नाव दिसले नाही, तर मोठ्याने विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.