झिजलेल्या टोकांच्या माना

संग्रहालयाच्या खणात एकूण एकेचाळीस टोकं होती. सगळी काळ्या ज्वालामुखी काचेची, भाल्याच्या दांड्याला बांधायची. चोवीस लांब, सतरा आखूड. एका आखूड टोकाचा खांदा उडाला होता, पण माना, म्हणजे दांड्याला बांधायचा खालचा भाग, सगळ्यांच्या शाबूत होत्या.

आखूड सतरा युनुएनने प्रबंधासाठी वेगळी काढली होती. हा आजवर कुणी न नोंदवलेला प्रकार आहे, असं तिचं म्हणणं. नावही ठरलं होतं: तारेको, तिच्या गावाचं. गुरुवारी मोरेलियाच्या विद्यापीठात परीक्षक बसणार होते. त्या दिवशी घरी उचेपो, म्हणजे मक्याचे गोड गोळे, वाफवायला आईने कोवळा मका सांगून ठेवला होता.

संग्रहाच्या प्रमुख डॉक्टर रेफुखिओबाईंनी एक आखूड टोक खिडकीशी धरलं आणि विचारलं, याला पुन्हा धार लावलेली दिसते का?

"ते नाही पाहिलं, बाई. मी लांबी घेतली, आकार घेतला."

"म्हणजे उद्या पेन्सिलीच्या थोटकाला तू नवी जात म्हणशील."

युनुएन हसली, पण तिचे कान तापले. बाईंचं म्हणणं सरळ होतं. टोक बोथट झालं की शिकारी ते दांड्यावरून न सोडता तिथेच धार काढायचा. दर खेपेला पातं आखूड व्हायचं. मान मात्र दोरा आणि डिंकाखाली झाकलेली, तिला कुणी हात लावत नसे. आखूड टोकांची मान वेगळ्या रुंदीची निघाली, तर तारेको टिकेल. सारखीच निघाली, तर ती लांब टोकंच, वापरून झिजलेली.

प्रबंधाच्या प्रती परीक्षकांकडे पोचल्यात, युनुएन म्हणाली.

"मग त्यांनी विचारायच्या आधी तू मोज, पोरी."

काचेला ओरखडा नको म्हणून प्लास्टिकचा व्हर्नियर घेतला. लांब की आखूड हे युनुएनला कळू नये म्हणून बाई पात्यावर कागद धरून एकेक टोक पुढे करत होत्या. युनुएन आकडा सांगायची, बाई लिहून घ्यायच्या. मधे एकदा दाब जरा कमी-जास्त करावा असं तिच्या मनात येऊन गेलं, पण कुणाच्या बाजूने, हेच कळेना. तिने व्हर्नियर सैल केला आणि तेच टोक पुन्हा मोजलं.

सगळी झाल्यावर बाईंनी कागद तिच्याकडे सरकवला. बेरीज आणि भागाकार युनुएननेच केला.

लांब चोवीस: मानेची सरासरी रुंदी १३.४ मिलिमीटर. आखूड सतरा: १३.३ मिलिमीटर.