आईचं माहेरचं नाव

मधूला मिळायचं होतं एक नाव आणि रतनकाकींना मिळायचा होता रोजचा अर्धा तास. तोट्यात कोणीच नव्हतं, म्हणून तर सौदा सोमवारपासून बिनबोभाट चालला होता.

मधू भोरचा, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला. लोकांच्या वंशावळी काढून द्यायचा त्याला नाद. हिर्डोशीपासून शिवऱ्यापर्यंत कोणाचा खापरपणजा कोण, हे घरच्यांपेक्षा त्याला जास्त ठाऊक. त्याच्या स्वतःच्या घराण्याचा तक्ता मात्र भिंतीवर अर्धवट लटकत होता. पुरुष पार वरपर्यंत चढलेले, बायकांच्या जागी नुसती सासरची नावं. लग्नात मुलीचं नाव बदलायचं आणि माहेरचं पुन्हा उच्चारायचं नाही, अशी त्या घरातली रीत. बाकीच्या बायकांचं मधूनं सोसलं असतं. पण आई गेली तेव्हा तो रांगतही नव्हता. 'सरस्वती' एवढंच त्याच्याकडे होतं आणि ते तिला सासरच्यांनी दिलेलं. माहेरची वाडी धरणात गेली, माणसं पांगली. खरं नाव ठाऊक असलेलं एकच माणूस उरलं होतं, गुंजवण्याची त्याची चुलती, रतनकाकी. काकी आणि आई एकाच वाडीतल्या, दोघी सख्ख्या भावांना दिलेल्या.

एरवी मधू काकींच्या गावच्या जत्रेला जायचा, मटण जेवायचा आणि एसटी चुकेल म्हणून उठायचा. आता करोनाची दुसरी लाट, टाळेबंदी, एसटी बंद. तेव्हा कुठे त्याला फोन सुचला.

"एका दिसाला एकच नाव," काकींनी पहिल्याच दिवशी बजावलं. "समदी येकदम दिली तर परत कशाला फोन करशील तू?"

"असं काय बोलता काकी!"

"खरं त्येच बोलते. मग पुढच्या जत्रंला दिसशील, त्ये बी रस्सा गरम असला तर."

मधू हसला, कारण नाकारण्यासारखं काही नव्हतं. सोमवारी आजीचं नाव मिळालं, मंगळवारी थोरल्या चुलतीचं. प्रत्येक नावाला शेपूट असायचंच. कोण नव्या लुगड्यानिशी जांभळीवर चढली, कोण सासरहून तीनदा पळून आली. मधू नाव टिपायचा आणि शेपटाला हूं हूं करायचा. बुधवारी काकी मधेच खोकल्या. "धूळ लई हाय," म्हणाल्या.

गुरुवारी फोन नातसून स्नेहलनं घेतला. घरात त्या दोघीच, तिचा नवरा पुण्यात अडकलेला.

"काका, आजींना रात्रीपासनं ताप हाय, धाप लागतीया. तुमच्या वळखीनं गाडी मिळंल का? दवाखान्यात न्यावं म्हणते."

ओळख होती. एका फोनचं काम होतं. पण मधूच्या मनात निराळाच हिशेब चालू झाला. काकी एकदा वॉर्डात गेल्या की बाहेरच्यांशी बोलणं बंद, आणि आत गेलेल्या म्हाताऱ्या माणसांची खबर कशी येते ते तो रोज ऐकत होता.

"जरा काकींकडे दे गं. काकी, आईचं नाव तेवढं सांगा."

"उद्याच्याला त्येच ठिवलंय." काकी हसायला गेल्या, ते हसू खोकल्यात बुडालं. "आज लई दम लागतोय रं. तुझ्या आईचं असं घाईनं न्हाई सांगायची म्या."

मधूनं स्नेहलला सांगितलं, "आज गाडीचं अवघड आहे. उद्या सकाळी बघतो. तोवर वाफ दे."

स्वयंपाकघराच्या दारातून त्याच्या बायकोनं, सौदामिनीनं विचारलं, "गाडीसाठी कोणाला फोन केलात?"

"करतो."

"म्हणजे नाही केलात."

"एका दिवसानं काय होतंय?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं तक्त्याकडे बघितलं.

शुक्रवारी चहाच्याही आधी त्यानं फोन लावला. काकींचा आवाज आडाच्या तळातून यावा तसा येत होता.

"बकुळा," त्या म्हणाल्या. मग नुसता श्वास. "आमी बकू म्हणायचो. बाळंतपणाला माहेरी आलेली... तुला पदराखाली घ्यायची आन् वाडीभर दावत फिरायची. माझा मधू, माझा मधू." पुन्हा श्वास. "आज नावं संपली बग. तरी उद्या फोन कर हां."

मधूनं लगेच गाडीसाठी फोन केला. गाडी तासाभरात काकींच्या दारात उभी राहिली. अवघड काहीच नव्हतं.

वेल्ह्यात खाट नव्हती, भोरला दुपार टळल्यावर मिळाली. शनिवारी काकी गेल्या. त्यांचं तोंडही कोणाला बघू दिलं नाही.

रविवारी स्नेहलचा फोन आला. रडून रडून तिचा घसा बसला होता. "माझंच चुकलं काका. डाक्टर म्हणले, येक दिवस आधी आणायला पायजे होतं. तुमी तर बिचारे गाडी बघतच होता. म्याच कुणाचा तरी टेम्पो मागायचा, त्ये सुचलंच न्हाई मला."

सौदामिनी समोर उभी होती. पलीकडचं सगळं तिला ऐकू येत होतं. एका वाक्याचं काम होतं.

"नाही गं, तुझं काय चुकलं," मधू म्हणाला आणि पुढचं वाक्य त्यानं गिळलं.

सौदामिनी आत निघून गेली.

तक्त्यावर आईच्या चौकटीत त्यानं शुक्रवारीच शाईनं 'बकुळा' लिहिलं होतं. नाव मिळालं मधूला. त्याची किंमत आधी रतनकाकींनी मोजली, आणि राहिलेली गुंजवण्याची ती पोर अजून मोजते आहे, स्वतःची समजून.