आठच्या फवारणीआधी

पाचव्यांदा चावी फिरली. इंजिन घरघरलं, जोरात फिरलं, फिरतच राहिलं. पेटलं मात्र नाही.

“अरे पुरे!” आक्का खालून ओरडली. “बॅटरीचा जीव घेतलास, तर गाडी ढकलायला काय मधमाश्या खाली उतरवू?”

लेकाने चावी सोडली. इंजिन थांबल्याबरोबर मागचा आवाज वर आला. पिकअपच्या हौद्यात अठ्ठेचाळीस पेट्या होत्या, तीन थरांत, दोरांनी आवळून बांधलेल्या, आणि सगळ्या मिळून एका सुरात गुणगुणत होत्या. पहाटे, एकही माशी बाहेर पडायच्या आत, आक्काने स्वतः एकेका पेटीच्या दाराला जाळीची पट्टी ठोकली होती. पेट्या हलवायच्या त्या अशाच. दार बंद करायचं, पेट्या गाडीत चढवायच्या आणि ऊन तापायच्या आत निघायचं. गाडी धावत असली की जाळीतून वारा लागतो. उभी राहिली, की एकेका पेटीची भट्टी होते. मेण मऊ पडतं, मध पाझरतो, आणि माश्या आपल्याच मधात चिकटून मरतात.

बरं, दारं उघडून द्यावीत तर तीही सोय नव्हती. बागेच्या मालकाने चार दिवस आधीच निरोप धाडला होता: आज आठला फवारणी, त्याआधी पेट्या हललेल्या दिसल्या पाहिजेत. बागेच्या पलीकडच्या टोकाला फवारणीवाला टाकीत औषध कालवतही होता. त्याचा उग्र वास आक्काच्या नाकात कधीच शिरला होता. बंद ठेवल्या तर माश्या उकडून मरणार, सोडल्या तर विषाने. आणि घड्याळात पावणेसात.

अठ्ठेचाळीस पेट्या. नवरा गेला तेव्हा दोन होत्या. बाकीच्या सेहेचाळीस आक्काने आपल्या हाताने वाढवल्या, आणि हे ती कुणालाही तिसऱ्या वाक्याला ऐकवायची.

“बॅटरीला काही झालेलं नाही, आई,” सून म्हणाली. ती बॉनेटच्या बाजूला उभी होती, बाह्या कोपरापर्यंत वर. “सेल्फ मारताना दिवे बघा, जरासे मंदसुद्धा होत नाहीत. हीटरचा दिवा लागतोय, विझतोय. इंजिन जोमात फिरतंय. त्याला खायला मिळत नाहीये.”

“आमच्या घरात कोणी उपाशी राहत नाही गं. काल संध्याकाळी अख्खा कॅन ओतलाय तिच्या पोटात.”

“मीच ओतला.”

“तेच म्हणते मी.”

सून गॅरेजवाल्याची लेक. घरात येऊन तिला दोन वर्षं झाली होती. तिच्या हातांना ऑइलचा वास येतो, हे आक्का दिवसातून एकदा तरी बोलून दाखवायची. एखाद्या दिवशी नाही बोलली, तर घरातले समजायचे की आज आक्काला बरं नाही.

सून गाडीच्या मागे गेली आणि धुरकांड्यापाशी वाकली. “मारा एकदा. थोडाच.”

इंजिन फिरलं. नळीतून ओलसर पांढरा धूर निघाला आणि जमिनीलगत रेंगाळला.

“डिझेल जातंय. पण जळत नाहीये,” ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. पुढे येऊन तिने डिझेल फिल्टरच्या माथ्यावरचा हातपंप चार वेळा दाबला, तळाचा स्क्रू दोन आटे सैल केला आणि हात मागे केला. “एक काचेची बाटली द्या. स्वच्छ.”

“त्या मधाच्या बाटल्या आहेत.”

“म्हणूनच मागतेय, आई. आरपार दिसायला हवं.”

आक्काने एक बाटली दिली. दिली म्हणजे तिच्या हातात आपटली. सुनेने फिल्टरखाली धरून ती अर्धी भरून घेतली आणि मडगार्डवर ठेवली. तिघं तिच्याभोवती उभी राहिली. सुरुवातीला आतलं सगळं ताकासारखं गढूळ होतं. मग हळूहळू वर पिवळसर डिझेल निवळलं आणि तळाशी बोटभर जाडीचा नितळ, बिनरंगाचा थर बसला.

“पाणी,” सून म्हणाली.

लेक क्षणभर बाटलीकडे बघत राहिला आणि मग बायकोवर उखडला. “ओततानाच बघायचं नाही? डोळे कुठे होते?”

“वरून दिसतं होय? झाकण काढलं आणि ओतलं.”

“मग पंपावरचंच खराब असेल.”

“तसं असतं तर पंपावर ओळीने गाड्या उभ्या असत्या आज. तुम्हीच भरून आणलेत ना कॅन? वाटेत कुठे उघडले होते?”

“म्हणजे आता माझ्यावर आलं!”

आक्काची नजर पत्र्याच्या शेडकडे गेली. त्या घडीला कोणाच्या ते ध्यानात आलं नाही.

परवा दुपारी तिने पाकाचे कॅन धुवायला काढले होते. फुलोरा नसला की माश्यांना साखरेचा पाक द्यावा लागतो, आणि मुक्काम हलवायच्या आधी ते सगळे कॅन गरम पाण्याने खळाखळा धुवायचे, हा आक्काचा नेम. आठ कॅन धुऊन झाले. शेजारी डिझेलचे दोन रिकामे कॅन होते, काळेकुट्ट, धुळीची पुटं चढलेले. तिला ते बघवेनात. साबण लावून आतून बाहेरून तेही घासले आणि आठांच्या रांगेत पालथे घातले. कॅन पालथा घातला तरी मुठीच्या पोकळीत आणि खांद्याच्या कोपऱ्यात पाणी अडकून राहतं, हे आक्काइतकं कोणाला ठाऊक होतं? पाकाच्या कॅनला त्याने काही बिघडत नाही. पाकात पाणीच असतं. त्याच संध्याकाळी लेक आला, स्वच्छ दिसणारे दोन कॅन उचलून पंपावर गेला आणि भरून घेऊन आला. एक काल गाडीत ओतला गेला. दुसरा पत्र्याच्या शेडमध्ये कोपऱ्यात उभा होता.

चाळीस वर्षांत “माझं चुकलं” हे तिच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. नवऱ्यानेही नाही.

तिने हौद्याशी जाऊन खालच्या थरातल्या पेटीला कान लावला. गुणगुण आता चढी झाली होती, एखाद्या घरात सगळीच माणसं एकदम भांडायला लागावीत तशी. जाळीवर माश्यांचा दाट थर जमला होता. एकमेकींच्या अंगावर चढून त्या पंख मारत होत्या. ऊन झाडांवरून उतरून वरच्या थरापर्यंत आलं होतं.

“गोणपाट भिजवून वर टाका,” ती लेकाला म्हणाली. “उभा काय राहिलास पाहुण्यासारखा?”

तोवर सून गाडीखाली शिरली होती. तिथूनच तिचा आवाज आला. “टाकीचा नट गंजलाय. वर एवढं ओझं असताना याच्याशी झोंबण्यात अर्थ नाही. टाकीला हातच लावत नाही. पंपाच्या दोन्ही नळ्या, ओढायची आणि परतीची, टाकीपासून सोडवते आणि सरळ दुसऱ्या कॅनमध्ये सोडते. त्याच्यावरच गाडी नेऊ. आणा तो कॅन.”

“आणि त्यातही तू काही घातलं असशील तर?” लेक ओल्या गोणपाटाशी झटत म्हणाला. “बापाच्या गॅरेजात हेच शिकलीस का, डिझेल भरायला?”

गाडीखालून पाना घसरल्याचा आवाज आला.

असंच वाक्य आक्काच्या जिभेवर दोन वर्षं रोज खेळत होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते कानाला फार घाणेरडं लागलं.

लेक शेडमध्ये गेला. कॅनपाशी वाकला. मूठ धरली.

“ठेव तो!”

तो दचकून थांबला.

“हात काढ म्हणते ना! हलवू नकोस.” आक्का कधी नव्हे ती धावली होती, तिला धाप लागली होती. “तो मी धुतलाय.”

“काय केलंस?”

“धुतलाय! दोन्ही धुतले, परवा, पाकाच्या कॅनबरोबर. कान फुटलेत का तुझे? पाणी माझ्या हातचं आहे. तिचं नाही. आणि बायकोशी बोलताना जीभ जरा आवर, ती काही तुझी मोलकरीण नाही.”

लेकाने कॅनची मूठ सोडली. सून गाडीखालून बाहेर आली. गालावर काळा पट्टा, केसांत माती. तिला त्या वेळी खूप काही बोलता आलं असतं, आणि आक्का छाती पुढे काढून ते सगळं ऐकायला उभी होती.

सुनेने एवढंच विचारलं, “भरून ठेवल्यापासून तो कॅन कोणी हलवलाय?”

“नाही.”

“मग पाणी तळाशी बसलं असेल. वरचं हळूच काढून घेऊ. पण घ्यायचं कशात? भांडं ठणठणीत कोरडं हवं. एक थेंब चालणार नाही.”

आक्काने श्वास घेतला. “मधाचा डबा.”

लेक आणि सून, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तो स्टीलचा उभा डबा आक्काचा. मधाला ओल लागली की मध आंबतो, म्हणून त्या डब्याजवळ ओल्या हाताने कोणी फिरकायचं नाही. एकदा एका गिऱ्हाइकाने ओला चमचा आत घातला, तर आक्काने त्याला मध न देता बाहेर काढलं होतं. डबा रोज उन्हात तापायचा, कोरड्या फडक्यात गुंडाळला जायचा, आणि प्रवासात आक्काच्या मांडीवर असायचा.

“आई, एकदा डिझेल घातलं की त्यात पुन्हा मध नाही.”

“मला मधाचं शिकवू नकोस. नळी आण.”

सुनेने पाकाची एक कोरडी नळी कॅनमध्ये सोडली, टोक तोंडात धरून ओढलं, आणि तोंडभर डिझेल थुंकत नळी डब्यात घातली. पिवळी धार लागली. आक्का गुडघे टेकून बसली आणि कॅनमधलं नळीचं टोक तळापासून वीतभर वर, दोन बोटांत घट्ट धरून ठेवलं. म्हातारे हात, पण हलले नाहीत. धार स्वच्छ येत होती. डबा भरत आला, तशी तिने आपणच नळी उचलली. “बस. याच्या खालचं विष आहे.”

साडेसातचे पावणेआठ झाले. सुनेने डबा गाडीत पुढे, मधल्या जागेत ठेवला. दोन्ही नळ्या लांब पाइपांना जोडून बॉनेटच्या फटीतून, खिडकीतून आत आणल्या आणि डब्यात सोडल्या. मग फिल्टर रिकामा केला आणि ती हातपंप मारू लागली. फसफस. फेस. पुन्हा फसफस. मागे एका पेटीच्या सांध्यातून काहीतरी ओघळलं आणि जमिनीवर टपकलं. आक्काने बोट लावून पाहिलं. मध. कोमट.

“एक गेली,” ती म्हणाली.

तेवढ्यात फवारणीवाला चालत आला. तोंडाला कापड, पाठीला पंप. “आक्का, आठ वाजत आले. मालकांचा फोन झालाय.”

“दिसतंय मला. गाडी काय मी इथे फोटो काढायला उभी केलीय?”

“माझा नाइलाज आहे.”

“वारा कुठून येतोय?”

त्याने मान वर केली. “तिकडून. इकडे.”

“मग शेवटच्या ओळीपासून सुरू कर आणि पाय ओढत चाल. तुझ्या पोरांनी तीन वर्षं माझा मध फुकट चाटलाय, आज फेड.”

तो परत फिरला. लांब गेल्यावर एकदा थांबून त्याने बुटाची दोरी बांधली, आणि बराच वेळ बांधली.

“नोझलचे नट सैल केलेत, हवा निघायला,” सून ओरडली. “मारा!”

इंजिन फिरलं. नटांमधून बुडबुडे आले, मग थेंब, मग चिळकांडी. “थांबा!” तिने एकेक नट आवळला. हात निसटला, बोट सोललं. तिने ते चोखलंही नाही. “आता!”

घरघर. घरघर. एक ठोका बसला आणि विझला. पुन्हा एक. आक्काने डोळे मिटून घेतले. मग दोन ठोके, तीन, गाडी अंगभर थरथरली, पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि इंजिन लंगडत लंगडत, खोकत, एकदाचं चालू राहिलं.

“उतर,” आक्का लेकाला म्हणाली.

“का?”

“ती चालवेल. गाडी मध्येच अडली तर तिला कळेल. तू फक्त ओरडशील. तू मागे लटक आणि गोणपाट भिजवत राहा.”

सून सीटवर बसली. आक्का शेजारी चढली, डबा गुडघ्यांत आवळला, दोन्ही नळ्या मुठीत धरल्या. गाडी हलली. मागे बागेत पहिली फवारणी धुक्यासारखी उठताना आरशात दिसली. गाडीभर डिझेलचा वास भरला होता. आक्काच्या हातांना, पदराला, सगळ्याला.

“वास येतोय का, आई?” सुनेने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

“येतोय,” आक्का म्हणाली. “पुढे बघ.”

सूर्यफुलांच्या शेतात, नव्या मुक्कामी, पोचेपर्यंत डब्यात चार बोटं डिझेल उरलं होतं. पट्ट्या काढल्या. पंचेचाळीस पेट्यांतून माश्या धुरासारख्या उसळून बाहेर आल्या. तीन पेट्यांतून कोणी आलं नाही.

दोनाच्या पंचेचाळीस कशा झाल्या, हे आक्का अजूनही तिसऱ्या वाक्याला सांगते. पण अठ्ठेचाळीस होत्या ना, असं जुन्या ओळखीचं कोणी म्हणालंच, तर ती मान ताठ ठेवून म्हणते, “होत्या. तीन मी धुतल्या.”