तिसऱ्या खांबावरची पट्टी

“ही पट्टी ओली कशी, बाबा?”

सुनेने बोट टेकवलं, तर बोटाला चुना आला. कडेवरची लेक झोपली होती. पट्टीवर कोरलेली तारीख चार महिन्यांपूर्वीची होती.

“हवा दमट आहे. डबा ठेव नि जा,” सासरे तिसऱ्या खांबाआड सरकत म्हणाले.

बांधकाम चालू असलेल्या त्या कॅथलिक चर्चच्या खांबात भेग दिसली, की सासरे तिच्यावर आडवी चुन्याची पट्टी लावून तारीख कोरत. पट्टी शाबूत, तर खांब जागच्या जागी. तडकली, तर भेग वाढतेय, काम बंद. हातून दगड उचलवेना झाल्यावर ही राखण त्यांच्याकडे आली होती. आजाने पाया घातला, बापाने खांब उभे केले, यांनी घुमट वळवत आणला. मध्ये युद्धामुळे तेरा वर्षं काम पडून होतं. आज वेदी आहे तिथे तेव्हा तळं साचून बदकं पोहत. आता माथ्यावरचं गोल भोक तेवढं उरलं होतं. सोमवारपासून त्यावर दगडी मनोरा चढायचा होता. चढवणाऱ्यांत तिचा नवरा होता.

“तडकली होती ना?”

“केसाएवढी.”

“आणि तुम्ही जुनी तारीख घालून नवी लावलीत?”

सासऱ्यांनी थापी फडक्याला पुसली. पुसलेलीच पुन्हा पुसली.

“ही तिसरी पट्टी,” ते म्हणाले. “इंजिनिअरला कळलं तर काम बंद पडेल. मागे बंद पडलं ते तेरा वर्षांनी सुरू झालं, पोरी. माझ्याजवळ तेरा वर्षं आहेत का?”

“आणि तुमच्या मुलाजवळ?”

“चार बुकं शिकलीस म्हणून मला दगड शिकवू नकोस!”

“दगडातलं मला काही कळत नाही. हे वर चढले, की उतरेपर्यंत माझा जीव टांगणीला असतो, एवढंच कळतं. मी आत्ता जाऊन सांगणार.”

“सासऱ्याच्या तोंडाला काळं फासशील?”

“फासीन.”

ती लेकीला सावरत निघाली. इंजिनिअरच्या खोलीच्या दाराशी मागून हाक आली. “थांब. तुझ्या तोंडून नको.” सासऱ्यांनी टोपी काढली नि ते आत गेले.

“किती दिवस लपवलंत?” आतून इंजिनिअरचा आवाज आला.

“चाळीस.”

इंजिनिअरने काम थांबवायची घंटा द्यायला सांगितली. घंटा झाली, माणसं परांचीवरून उतरू लागली. जो तो म्हाताऱ्याला वळसा घालून गेला. नवऱ्याने बापाकडे न बघता लेकीला तिच्या कडेवरून घेतलं आणि छातीशी घट्ट धरलं.

मनोरा रद्द झाला. घुमटाच्या भोकावर लाकडी झाकण बसलं, वर पत्रा. खांबांची राखण दुसऱ्याकडे गेली.

पहिली थंडी पडली त्या सकाळी सासरे गोणपाटांची चळत घेऊन आवारात गेले. मनोऱ्याचे घडवलेले दगड तिथे ओळीने पडून होते, प्रत्येकावर त्यांच्याच हाताचा आकडा. दगडात पाणी मुरून गोठलं तर ते फुटतात. ते एकेकावर गोणपाट घालून कडा खाली दाबत होते. सून शेजारी जाऊन उकिडवी बसली. त्यांनी हातातल्या गोणपाटाच्या कडा दाबून घेतल्या.

मग एक गोणपाट तिच्याकडे सरकवलं.