राज्य कोणावर?

जुन्या फर्निचरच्या दुकानात लपायला जागा कमी नसते, आणि मामाला तर आपल्या दुकानातली एकूण एक जागा पाठ होती. पाळक पायऱ्या चढताना दिसले की तो कधी पलंगामागे, कधी पॉलिशच्या खोलीत पसार व्हायचा. मामी गेली तेव्हापासून त्याने देवाशी अबोला धरला होता. दुसरं काही नाही, शुद्ध रुसवा. आणि पन्नाशीतल्या माणसाचा रुसवा म्हणजे काय विचारता! समजूत काढली तर भडकतो, नाही काढली तर जास्तच भडकतो.

पण आज पळून चालणार नव्हतं. धाकटी बहीण सकाळीच दम देऊन गेली होती.

"दादा, रविवारी बाळाचा बाप्तिस्मा आहे. त्याला हातात घेऊन उभा राहणारा धर्मबाप तूच व्हावंस असं मला वाटतं. पण पाळकांना आधी तुझ्याशी बोलायचंय. तारण म्हणजे काय आणि देवाचं राज्य म्हणजे काय, एवढंच विचारणार आहेत. पाठ केलेलं नको, आपल्या शब्दांत सांग म्हणे. आज जर तू गायब झालास ना, तर माझ्या नणंदेचा नवरा उभा राहील. मग मला बोलायचं नाही!"

नणंदेचा नवरा! तो माणूस बाळाला घ्यायचा कसा, तर ओली छत्री धरावी तसा, अंगापासून लांब. नुसत्या कल्पनेने मामाच्या अंगाचा तिळपापड झाला. बहिणीला बाळ झालं की आपण दोघांनी मिळून उभं राहायचं, असं मामी आणि तो कधीपासून ठरवून बसले होते. आता निदान त्याला तरी उभं राहायचं होतं.

बहिणीची थोरली मुलगी, भिंगरी, स्टुलावर पाय हलवत बसली होती.

"मामा, मला येतं ते. 'तुझं राज्य येवो.' प्रार्थनेत रोज म्हणतो की आपण."

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे देवावर राज्य येऊ दे! आपण लपायचं, त्याने शोधायचं."

मामा इतका हसला की ओठांत धरलेले खिळे खाली सांडले. "शहाणीच आहेस! हे पाळकांना सांगितलं तर दोघांनाही बाहेर काढतील."

"मग तू काय सांगणार?"

इथे मामाचं हसू मावळलं. तारण म्हणजे पापातून सुटका, सार्वकालिक जीवन, सगळं लहानपणी घोकलेलं होतं. पण आपल्या शब्दांत बोलायला गेलं की त्याच्या तोंडी एकच वाक्य यायचं: माझी बायको का नेलीस? हे पाळकांना कसं सांगायचं? आणि सांगितलं तर बाळ कोण हातात देणार?

तेवढ्यात पायऱ्यांवर पावलं वाजली. सवयीचे पाय ते, मामाला न विचारताच निघाले. त्याने मोठं कपाट उघडलं, आत शिरला आणि दार ओढून घेतलं. बाहेरून खटकन आवाज आला. आता गंमत बघा. हे कपाट दुरुस्तीला आलं होतं ते याच कडीसाठी. दार लागलं की ती आपोआप पडायची, आणि आतून काही केल्या उघडायची नाही.

भिंगरीला वाटलं, खेळ सुरू झाला. पाळक आत येताच ती ओरडली, "तुमच्यावर राज्य!" आणि आरशाच्या टेबलामागे पळाली.

पाळक बिचारे भले माणूस. त्यांनी खरोखर भिंतीकडे तोंड करून आकडे मोजले.

मामाने दार ढकललं, खांद्याने रेटलं. छे! हत्यारं बाहेर, चष्मा बाहेर, आणि आत डांबरगोळ्यांचा वास आणि तो. ओरडावं तर अब्रू जाणार. बाहेर पाळक पलंगाखाली वाकत होते, ड्रॉवर उघडत होते. "एवढ्याशा ड्रॉवरमध्ये मावतील का हो मामा?" असं स्वतःशीच मोठ्याने म्हणत होते. मग पावलं पायऱ्यांकडे गेली.

गेले वाटतं. एरवी मामाने सुटकेचा श्वास टाकला असता. आज उलटंच झालं. जाऊ नका हो, त्याला वाटलं, आणि आपल्याला असं वाटतंय याचं त्याला रडूच आलं. त्याने दारावर टकटक केली.

पावलं परत आली. कडी निघाली.

"अडकलो होतो," मामा पुटपुटला. केसांत कोळ्याचं जाळं, शर्ट घामाने भिजलेला.

पाळकांनी त्याला हात धरून बाहेर काढलं. "दर वेळी इथेच कुठेतरी असायचात ना? चहा वाफाळत असायचा, चष्मा टेबलावर असायचा. चष्म्याशिवाय कुठे जाणार तुम्ही?"

"माहीत होतं? आणि तरी येत राहिलात?"

"म्हटलं, कधीतरी आतून आवाज येईल."

मामा स्टुलावर बसला. "विचारा आता काय विचारायचं ते."

"तारण म्हणजे काय?"

मामाने कपाटाकडे बघितलं. "या कडीचं सगळं मला ठाऊक आहे. तरी आत असताना उपयोग शून्य. बाहेरून कोणीतरी यावंच लागलं."

"आणि देवाचं राज्य?"

"माझी भाची म्हणते, राज्य देवावर आहे. तो शोधतोय. मला वाटत होतं, मला लपलेलं ठेवून तो डाव सोडून घरी निघून गेला."

पाळकांनी मामाच्या केसांतलं जाळं काढलं. इतक्यात मागून भिंगरीने त्यांच्या पाठीत थाप मारली. "धप्पा! पुन्हा तुमच्यावरच राज्य!"

"अगं, तुला विसरलोच की!" पाळक खो खो हसत सुटले. "मामा, रविवारी वेळेवर या. आणि ही कडी तेवढी बदला."

रविवारी मामा बाळाला छातीशी धरून उभा होता. नणंदेचा नवरा मागच्या बाकावर छत्री घेऊन बसला होता. सगळे प्रार्थना म्हणू लागले. 'तुझे राज्य येवो' आलं तसं भिंगरीने मामाचा शर्ट ओढला.

"मामा, लपायचं का?"

"नको गं," मामा हळूच म्हणाला. "आता कुठे सापडलोय."