गोर्दाची क्लिप

एवेलियो माझा चाळीस वर्षांचा दोस्त, आणि त्याच्याइतका घायकुत्या माणूस अख्ख्या क्यूबात सापडायचा नाही. सकाळीच येऊन म्हणाला, "फर्मिन, गोर्दा गेली. इंजिनाचं हेड फुटलं. चार वाजता माणूस येतोय, भंगारात देऊन टाकतो."

गोर्दा म्हणजे त्याची बावन्न सालची गाडी. आमची अर्धी आळी तिच्यातूनच लग्नाला गेली आणि तिच्यातूनच बाळंतपणाला. ती गेली तर हा हाय खाऊन मरेल, हे मला पक्कं माहीत होतं.

"हेड फुटलं हे कुणी सांगितलं तुला?"

"पांढरा धूर येतोय. रोज बादलीभर पाणी पितेय."

त्याच्या अंगणात जाऊन मी तेलाची काडी काढून पाहिली. तेल स्वच्छ, पाणी मिसळल्यावर येतो तो दुधाळपणा नावाला नाही. गाडी चालू केली, तर सायलेन्सरमधून नेहमीचाच काळपट धूर. पांढरं जे काही होतं ते बॉनेटखालून येत होतं.

"अरे शहाण्या, ही वाफ आहे. कुठूनतरी पाणी गळून तापल्या लोखंडावर पडतंय. ओमेलिया, तुझी पावडर आण."

"माझी मानेला लावायची पावडर हिला?" एवेलियोची बायको कुरकुरली.

"हिलाही तुझ्यासारखाच घाम आलाय."

इंजिन पुसून मी पावडर भुरभुरवली आणि गाडी परत चालू केली. थोड्या वेळानं पावडरीत एक ओली रेघ उमटली. रेघेमागं बोट नेत गेलो, तर थेट मागच्या आखूड पाइपापाशी पोचलो. पाइपाला चिंधी गुंडाळलेली, आणि चिंधीखाली पाइप आवळायच्या क्लिपच्या जागी नुसती तार.

"इथली क्लिप कुठाय?"

एवेलियो चपलांकडे बघत राहिला. "विसरलोच होतो रे."

ओमेलिया आत गेली. आली ती ओल्या पावलांनी, हातात क्लिप घेऊन. "माझ्या कपडे धुवायच्या मशीनला लावली होतीस. घे. मी हातानं धुईन."

तिची बोटं संधिवातानं वाकडी झालीत. कॉफीचा कप धरतानाही तिला त्रास होतो. एवेलियोनं क्लिप घेतली आणि तिच्याच तळहातावर परत ठेवली.

"मशीनला लाव म्हातारे. गाडी जाऊ दे."

हे तो गाडीकडे न बघता म्हणाला. मला भडभडून आलं, आणि रागही आला. साध्या क्लिपसाठी आमच्या गावात महिनोन्‌महिने वाट बघावी लागते. घरी गेलो, माझ्या पाण्याच्या मोटरीच्या पाइपाची क्लिप काढली, आणून गोर्दाला बसवली. पावडरीवर थेंब पडला नाही. चार वाजता तो माणूस आला, त्याला ओमेलियानं कॉफी पाजून वाटेला लावलं.

"आणि तुझ्या स्वयंपाकघरात पाणी कसं चढणार?" तिनं मला विचारलं.

"नाही चढणार."

"मग क्लिप मिळेपर्यंत इथंच जेव."

बायको गेल्यापासून सहा वर्षं मी एकटाच जेवत होतो. आता तीन महिने झाले, रोज रात्री तिच्या हातचा काळा घेवडा आणि भात खातोय. क्लिप दुसऱ्याच आठवड्यात मिळाली. खिशात आहे.

काल ओमेलियानं माझी पँट धुवायला मागितली. मी दिली नाही.