घणाची चाहती

घणाची लढत असली की पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर ताई बसलेली असायचीच. दारावरचा माणूस तिचं तिकीट बघायच्या भानगडीत पडत नसे. "या ताई, तुमची जागा पुसून ठेवलीय," म्हणायचा. आसपासचे लोक पाय आखडून तिला वाट करून देत आणि तिची पाठ वळली की एकमेकांना सांगत, "चाहती असावी तर अशी. एक लढत चुकवत नाही. काय जीव आहे बाईचा त्याच्यावर!"

जीव कसला, दात होता. आणि दातांचं ताईला चांगलं कळायचं. ती एका लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दिवसभर मेणात दात रोवायचे, घासायचे, चकचकीत करायचे. संध्याकाळी हात धुतले तरी नखांच्या कडेला गुलाबी भुकटी राहायचीच.

घण हे त्या बॉक्सरचं टोपणनाव. उजवा हात घणासारखा पडायचा म्हणून लोकांनी ठेवलेलं. ताईचा धाकटा भाऊ एके काळी त्याच वजनी गटात खेळायचा. नऊ वर्षांपूर्वी दोघांची गाठ पडली. धाकटा गुणांवर पुढे होता. फेरी संपल्याची बेल वाजली, धाकट्याने हात खाली सोडले, आपल्या कोपऱ्याकडे वळला, आणि घणाचा उजवा हात त्याच्या कानशिलात बसला. तो पडला तो हॉस्पिटलमध्येच जागा झाला. डावी बाजू गेली होती. जीभ जड झाली होती, ती पुढेही जडच राहिली.

"गोंगाटात बेल ऐकू आली नाही," असं घण म्हणाला. पंचांनी ते मानलं, संघटनेने मानलं. धाकट्यानेही मानलं. ताईने मात्र मानलं नाही. तेव्हापासून ती घणाच्या प्रत्येक लढतीला जायची. हा माणूस एकदा तरी आडवा पडलेला आपल्या डोळ्यांनी, अगदी जवळून बघायचा, एवढंच तिला हवं होतं. आणि मेला पडतच नव्हता. गुडघ्यावर यायचा, डोकं हलवायचा, पुन्हा उठायचा.

घरी वेगळीच तऱ्हा होती. धाकट्याला घणाचं भारी कौतुक. बॉक्सिंगच्या व्हिडिओ गेममध्ये खेळाडू निवडायची वेळ आली की तो डोळे झाकून घणाला घ्यायचा. रिमोट मांडीवर दाबून धरायचा आणि एका उजव्या हाताने अशी काही बटणं नाचवायचा की ताईला धड श्वास घेता येत नसे. ती दर वेळी नवा खेळाडू घेऊन घणावर तुटून पडायची आणि दर वेळी मार खायची.

"ताई, तू रागाने खेळतेस," धाकटा सावकाश, एकेक शब्द उचलत म्हणायचा.

"मग काय आरती ओवाळू त्याला?"

टीव्हीवर घणावरची एक डॉक्युमेंट्री सारखी लागायची. ताई ती दर वेळी बघायची आणि पडद्याला उत्तरं द्यायची. "लहानपणी त्याने फार हाल सोसले," असं निवेदक म्हणाला की ही म्हणायची, "सोसलेस ना? मग दुसऱ्याचे कशाला केलेस?" त्या लढतीबद्दल डॉक्युमेंट्रीत एकच वाक्य होतं. "कारकिर्दीत काही दुर्दैवी प्रसंगही आले." दुर्दैवी प्रसंग तेव्हा सोफ्यावर बसून शेंगदाणे खात असायचा.

"ऐकू दे ना," तो म्हणायचा. "त्याचा पाय बघ. काय फिरतो!"

एक दिवस लॅबमध्ये एक माणूस आला. घणाच्या शेवटच्या वर्षावर नवी डॉक्युमेंट्री करत होता. "त्याची सर्वांत पक्की चाहती म्हणून तुम्ही हव्यात," तो म्हणाला. "घणालाही तुम्हाला भेटायचंय."

ताईच्या हातात कोणाची तरी वरची कवळी होती. ती तिने अलगद खाली ठेवली. इतकी वर्षं ज्या माणसाला दोरांच्या पलीकडे बघितलं तो आता हाताच्या अंतरावर मिळणार, तोही कॅमेऱ्यासमोर. "येते," ती म्हणाली. डॉक्युमेंट्रीवाल्याने तिला लॅब, हॉल, चहा, आवडता ठोसा, सगळं विचारलं. घरात कोण कोण असतं ते विचारलं नाही.

जाताना वाटेत तिने वाक्यं घोकली. पहिल्यांदा भावाचं नाव घ्यायचं. मग बेलचं विचारायचं. मग तो काय तोंड करतो ते कॅमेऱ्याला बघू द्यायचं.

व्यायामशाळेत घण घामेजलेला, हाताला पट्ट्या गुंडाळलेला असा समोर आला. जवळून तो थकलेला दिसत होता. भुवईवरची कातडी शिवून शिवून पांढरी पडली होती. ताईने तोंड उघडायच्या आतच त्याने तिचा हात दोन्ही हातांत धरला.

"तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती," तो म्हणाला. "मार खाऊन गुडघ्यावर आलो ना, की मी त्या कडेच्या खुर्चीकडे बघतो. तुम्ही अशा दात-ओठ खाऊन बसलेल्या असता! माझी आईसुद्धा असं बघत नाही, ती डोळे मिटून घेते. मला वाटतं, या बाईला माझ्याकडून एवढं हवंय, तर उठलंच पाहिजे. मी तुमच्यामुळे उठतो, ताई."

घोकलेली सगळी वाक्यं ताईने तशीच ठेवून दिली. म्हणजे दर वेळी हा उठला तो आपल्यामुळे. आपण याला पाडायला जात होतो आणि हाताला धरून उभा करून येत होतो. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिने चेहऱ्यावर काही उमटू दिलं नाही.

"ऐकून काय वाटलं?" डॉक्युमेंट्रीवाल्याने विचारलं.

"पुढच्या लढतीला बघते मी याच्याकडे," ताई म्हणाली. सगळे हसले. घणही हसला.

पुढच्या लढतीचं तिकीट तिने नेहमीसारखं काढलं, म्हणजे खुर्ची दुसऱ्या कोणाला जायला नको. आणि त्या संध्याकाळी ती घरी बसली.

"तू गेली नाहीस?" धाकट्याने विचारलं.

"डोकं दुखतंय."

टीव्हीवर लढत सुरू झाली. समोरचा पोरगा वयाने बराच लहान आणि चपळ होता, पण घणाने असे कितीतरी खाऊन पचवले होते. दुसऱ्या फेरीनंतर तो आपल्या कोपऱ्यात बसला आणि मान वळवून कडेला बघू लागला. त्याचा प्रशिक्षक कानाशी ओरडत होता, त्याचं लक्ष नव्हतं.

"कोणाला शोधतोय हा?" धाकटा म्हणाला.

ताईने उशी मांडीवर ओढून घेतली.

पाचव्या फेरीत तो पडला. आधी एक गुडघा, मग दुसरा. पंच आकडे मोजू लागले. घणाने मान उचलून त्या कडेला बघितलं, आणि कॅमेरामनला काय सुचलं कोण जाणे, त्याने रिकामी खुर्ची पडद्यावर मोठी करून दाखवली. लाल रेक्झिनची, एका कोपऱ्यात उसवलेली. घण तिच्याकडे बघत राहिला आणि दहा झाले.

ताईने उशी इतकी घट्ट दाबली होती की बोटं पांढरी पडली. फार गोड वाटलं तिला. शेजारी धाकटा रडत होता, तरीही गोडच वाटलं.

दोन-तीन दिवसांनी दुपारी दारावरची घंटी वाजली. दारात घण. नाकावर पट्टी, दोन्ही डोळ्यांखाली काळंनिळं. लॅबमधून पत्ता घेऊन आला होता.

"ताई, बऱ्या आहात ना? खुर्ची रिकामी दिसली आणि माझ्या मनात नाही नाही ते येऊन गेलं."

ताई दारातून बाजूला झाली. सोफ्यावर धाकटा आनंदाने उठायची धडपड करत होता. घणाने लगबगीने पुढे होऊन त्याला सावरलं, त्याचा चांगला हात हातात घेतला.

"बसा, बसा साहेब. तुम्हीपण बॉक्सिंग बघता का?"

धाकट्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. "मला... ओळखलं नाही?"

घणाने ओळखलं नव्हतं. ताईने एक शब्द न बोलता ती जुनी लढत टीव्हीवर लावली, आवाज वाढवला. तो उभ्या उभ्या बघत होता. बेल खणखणीत वाजली. पडद्यावरच्या धाकट्याने हात सोडले, वळला, पाऊल टाकलं. मग ठोसा. ताईने मागे नेऊन पुन्हा लावली. आणि पुन्हा.

"बंद करा," घण म्हणाला.

"बेल ऐकू आली होती की नाही?"

"ताई, नव्हती आली," धाकटाच मध्ये बोलला. "त्याने तेव्हाच... सांगितलंय."

घण धाकट्याच्या आकसलेल्या डाव्या हाताकडे बघत राहिला. तो सहज 'नाही' म्हणू शकला असता. त्याच्या बाजूने बोलणारा माणूसच समोर बसला होता.

"आली होती," तो म्हणाला. "मी हरत होतो. आणि वळताना तू हसलास. मला बघून हसलास."

मग धाकटा म्हणाला, "हसत नव्हतो. श्वास... घेत होतो."

"माझं चुकलं. मी काय करू, तू सांग..."

"जा."

हा शब्द तोंडावर फेकायची ताईने नऊ वर्षं तयारी केली होती, आणि तो भावाने फेकला. घण गेला. जाताना दार नीट लावून गेला.

त्यानंतर धाकट्याने गेम लावला नाही. जेवायचा, खिडकीपाशी बसायचा, ताईने काही विचारलं तर मान हलवायचा. ज्या एका गोष्टीच्या आधाराने त्याला झोप लागत होती ती ताईने ओढून काढली होती, हे तिला दिसत होतं. घणाचे दात घशात घालायला निघालेली ती, घाव बसला होता घरात. लॅबमध्ये तिच्या हातून दोन कवळ्या बिघडल्या. पण घणाला दार उघडलंच नसतं तर बरं झालं असतं, असं काही तिला वाटेना. खोटं बोलत नव्हती ती स्वतःशी.

महिनाभराने बातमी आली की घणाने त्याच पोराशी परतीची लढत मागितली आहे, आणि ती शेवटची. ताईने पेपर मुद्दाम उलटा करून ठेवला. धाकट्याने तो चांगल्या हाताने सुलटा केला.

"दोन तिकिटं काढ," तो म्हणाला.

"तुला त्रास होईल रे."

"त्याला... होऊ दे."

दारावरच्या माणसाने धाकट्याच्या चाकाच्या खुर्चीसाठी कडेला जागा करून दिली. दिवे मंद झाले, घण पायऱ्या चढून दोरांतून आत आला आणि सवयीने त्याची नजर कडेला गेली. तिथे दोघं होते. त्यानंतर त्याने त्या बाजूला एकदाही बघितलं नाही. कोपऱ्यात बसतानासुद्धा तो पाठ करून बसला.

चौथ्या फेरीत पोराचा डावा हात त्याच्या जबड्यावर बसला आणि घण त्यांच्या अगदी पुढ्यात, दोरांखाली पालथा पडला. इतका जवळ की त्याचा श्वास ऐकू येत होता.

"अहो ताई, ओरडा की!" मागची बाई तिला ढोसू लागली. "उठवा त्याला! तुमचं ऐकतो तो!"

ताई हाताची घडी घालून बसली. पंच मोजू लागले, आणि शेजारून धाकट्याचाही आवाज आला. तो पुढे वाकून, घणाच्या कानाच्या दिशेने मोजत होता. एक. दोन. त्याची जीभ पंचांना गाठू शकत नव्हती. घणाने कोपरावर जोर दिला, मान अर्धी उचलली, तो आवाज ऐकला आणि मान पुन्हा खाली टाकली.

पंचांचे दहा झाले तेव्हा धाकटा सहावर होता. दिवे लागले, लोक उठले, डॉक्युमेंट्रीवाला कॅमेरा घेऊन दोरांकडे धावला. धाकटा सात म्हणाला, आठ म्हणाला. मागची बाई ताईला विचारत होती, "तुम्ही त्याच्या चाहत्या ना हो?" ताईने तिला हातानेच थांबवलं. भावाचे दहा पुरे होईपर्यंत ती जागची हलली नाही.

मग तिने चाकाच्या खुर्चीचा ब्रेक काढला.

"घरी?"

"घरी," धाकटा म्हणाला. "भूक... लागलीय."